डायलिसिसच्या कॅथेटरचा जंतुसंसर्ग: हुडहुडी भरल्यापासून नळी निघेपर्यंत काय करायचं

डायलिसिस सुरू होऊन अर्धा-पाऊण तास झालेला असतो आणि पेशंट म्हणतो, "सिस्टर, एसी बंद करा, थंडी वाजतेय." पाच मिनिटांत दात वाजायला लागतात. दोन ब्लँकेटं टाकली तरी हुडहुडी थांबत नाही, मग ताप चढतो. बरेच जण याला "डायलिसिसची थंडी" म्हणतात, पॅरासिटामॉल घेतात आणि संध्याकाळपर्यंत बरं वाटलं की विसरून जातात. पुढच्या डायलिसिसला पुन्हा तेच होतं.

डायलिसिसमध्ये अशी थंडी वाजणं नेहमीचं नाही. डायलिसिससाठी शिरेत टाकलेल्या नळीच्या, म्हणजे कॅथेटरच्या, आत जंतू वाढलेले असले की मशीन चालू झाल्यावर रक्ताच्या जोरदार प्रवाहाबरोबर ते शरीरात जातात. म्हणून थंडी नेमकी मशीनवर असताना वाजते आणि मधल्या दिवसांत पेशंट ठणठणीत वाटू शकतो. कॅथेटर असलेल्या पेशंटला थंडी वाजून ताप आला, तर दुसरं कारण सापडेपर्यंत तो नळीतून रक्तात गेलेला जंतुसंसर्गच समजायचा.

मी डायलिसिस युनिटमध्ये नर्स म्हणून काम करते. हा लेख पेशंट आणि त्यांच्या घरच्यांसाठी आहे: काय ओळखायचं, कधी धावायचं, डॉक्टरांना काय विचारायचं आणि ताप उतरल्यावर पुढचे काही आठवडे कशावर लक्ष ठेवायचं. औषधांचे डोस इथे दिलेले नाहीत. किडनीच्या पेशंटचा डोस नेफ्रॉलॉजिस्टने, म्हणजे किडनीच्या डॉक्टरांनीच ठरवायचा असतो.

आधी आपली नळी ओळखा

तात्पुरती नळी गळ्यातल्या किंवा जांघेतल्या शिरेत सरळ घातलेली असते आणि टाक्यांनी धरलेली असते. अचानक डायलिसिस लागलं की हीच टाकतात. ती थोड्या दिवसांसाठीच असते. दोन आठवड्यांच्या आत काढावी, असं आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. जांघेतल्या नळीला लघवी-संडासची जागा जवळ असल्याने त्याहून कमी दिवस द्यावेत, आणि ती घेऊन शक्यतो घरी जाऊच नये.

परमकॅथ वेगळी. तिचं एक टोक गळ्यातल्या शिरेतून हृदयाच्या उजव्या कप्प्यापर्यंत पोचलेलं असतं, पण बाहेर ती छातीवर येते. मधला काही सेंटिमीटरचा भाग त्वचेखालच्या बोगद्यातून जातो. त्या बोगद्यात नळीवर एक कापडी कडं असतं. तीन-चार आठवड्यांत आजूबाजूचं मांस त्याला घट्ट धरतं, नळी जागेवर राहते आणि बाहेरच्या जंतूंना अडथळा होतो. म्हणून परमकॅथ अनेक महिने टिकू शकते. पण तिलाही संसर्ग होतोच. वेगवेगळ्या देशांतल्या अभ्यासांत परमकॅथच्या दर १००० दिवसांमागे साधारण १ ते ५ वेळा रक्तातला संसर्ग आढळलेला आहे. म्हणजे एखाद्या युनिटमध्ये परमकॅथ असलेले १० पेशंट असतील, तर १०० दिवसांत त्यांच्यापैकी कुणाला तरी, एकदा ते पाचदा. तात्पुरत्या नळीत हे प्रमाण आणखी जास्त असतं.

एका छोट्या वहीत एवढं लिहून ठेवा: नळी कोणत्या तारखेला, कुठल्या शिरेत, कोणत्या प्रकारची टाकली, पूर्वी कुठे कुठे नळ्या होत्या, कोणत्या औषधाची ॲलर्जी आहे. रात्री दोन वाजता अनोळखी हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत उभं असताना ही वही फार उपयोगी पडते.

जंतू आत कसे शिरतात

दोन वाटा आहेत. एक बाहेरून: नळी त्वचेतून जिथे बाहेर येते तिथून कडेकडेने आत. दुसरी आतून: कॅप उघडून नळी मशीनला जोडताना तोंडावर बसलेले जंतू थेट पोकळीत. जास्त करून हे आपल्याच त्वचेवर आणि नाकात राहणारे स्टॅफिलोकोकस जातीचे जंतू असतात. त्यातला स्टॅफिलोकोकस ऑरियस सर्वांत घातक. ई. कोलाय, क्लेबसिएला, स्युडोमोनास हेही सापडतात, आणि कधी कधी कँडिडा ही बुरशी.

आत गेलेले जंतू नळीच्या भिंतीला चिकटतात आणि स्वतःभोवती चिकट थर तयार करतात. पाण्याच्या टाकीत आतून शेवाळ धरतं, वरवर पाणी ओतून ते निघत नाही, तसाच हा थर असतो. शिरेतून दिलेलं अँटिबायोटिक रक्तातले जंतू मारतं, पण त्या थराखालच्या जंतूंपर्यंत पुरेसं पोचत नाही. औषध चालू असेपर्यंत ताप नसतो आणि बंद केल्यावर आठवड्याभरात परत येतो, यामागचं कारण बहुतेक वेळा हेच.

लक्षणं: दिसणारी आणि न दिसणारी

नळीच्या तोंडाशी लाली, सूज, पू, ओलसरपणा किंवा खपली दिसली, दाबल्यावर दुखलं, पण ताप नसला, तर संसर्ग अजून दारातच आहे. ड्रेसिंग आणि एक-दोन आठवड्यांच्या औषधाने तो बरा होऊ शकतो. परमकॅथमध्ये हीच लाली आणि दुखणं तोंडापासून दोन सेंटिमीटरच्या पुढे, बोगद्याच्या दिशेने वर सरकलं असेल, तर मामला गंभीर आहे. बोगद्यात पू झाला की नळी काढावीच लागते.

रक्तातल्या संसर्गात मात्र बाहेर काहीच दिसत नसेल, असं पुष्कळदा होतं. ड्रेसिंग स्वच्छ, त्वचा कोरडी, आणि तरी पेशंट थंडीने थरथरतोय. "जागा तर चांगली दिसतेय" हे ऐकून निर्धास्त होऊ नका.

वयस्कर आणि मधुमेही पेशंट तर आणखी फसवतात. किडनी निकामी झालेल्यांचं अंग मुळात थोडं थंड असतं, प्रतिकारशक्तीही कमी असते, त्यामुळे जोराचा ताप येतोच असं नाही. आजी नुसत्या गप्प झाल्या, असंबद्ध बोलायला लागल्या, जेवण सोडलं, उभं राहताना कोसळल्या, साखर अचानक खाली आली, डायलिसिसवर नेहमीपेक्षा बीपी फार पडायला लागलं: यातलं काहीही नळी असलेल्या पेशंटमध्ये नवीन दिसलं, तर तापाइतक्याच गांभीर्याने घ्या. थर्मामीटरवर १०० फॅरनहाइटच्या वरचा आकडा अशा पेशंटसाठी किरकोळ नाही.

अर्थात प्रत्येक ताप नळीचाच नसतो. पावसाळ्यात आपल्याकडे डेंग्यू-मलेरिया असतो, मधुमेहींच्या पायाला जखम असते, छातीत कफ असतो, लघवीचा संसर्ग असतो, टीबीही असू शकतो. डॉक्टर हे सगळं तपासतील. आणि एकाच पाळीत दोन-तीन पेशंटना एकदम थंडी वाजली, तर डायलिसिसला वापरल्या जाणाऱ्या आरओच्या (शुद्ध केलेल्या) पाण्यातल्या दोषाची शंका घेऊन युनिटने पाणी तपासायला हवं. तसं झालं असेल तर तेही स्पष्ट विचारा.

थंडी वाजली: पहिले काही तास

घरी असाल तर आधी ताप मोजा आणि वेळेसह लिहा. त्यानंतर हवं तर पॅरासिटामॉल द्या, पण ताप उतरला म्हणून जाणं रद्द करू नका. युनिटला किंवा नेफ्रॉलॉजिस्टना फोन करा आणि नेमकं सांगा: "परमकॅथ आहे, थंडी वाजून एवढा ताप आहे." ही दोन वाक्यं एकत्र कानावर पडली की पलीकडचा माणूस सावध होतो. नुसतं "ताप आहे" म्हटलं तर उद्या या, असं उत्तर मिळू शकतं. पेशंटला धाप लागली असेल, हातपाय गार पडले असतील, बीपी ९०च्या खाली असेल किंवा तो नीट ओळखत नसेल, तर फोनची वाट न बघता १०८ला बोलवा.

गल्लीतल्या दवाखान्यात जाऊन सलाईन आणि एक अँटिबायोटिकचं इंजेक्शन घेणं, हा आपल्याकडचा सर्वांत सोयीचा आणि या पेशंटसाठी सर्वांत महागात पडणारा मार्ग आहे. लघवी होत नसलेल्या माणसाच्या अंगात सलाईनचं पाणी साठतं आणि फुप्फुसात उतरतं. सुई अनेकदा नेमकी त्याच हाताला लावली जाते जिथे पुढे फिस्टुला (डायलिसिससाठी शिर धमनीला जोडून केलेली वाट) करायचा असतो. आणि त्या एका इंजेक्शनने ब्लड कल्चरमध्ये (रक्त खास बाटलीत ठेवून त्यात कोणता जंतू उगवतो ते बघण्याची तपासणी) जंतू उगवेनासा होतो, मग पुढचे तीन-चार आठवडे अंदाजाने औषध चालवावं लागतं.

अजून एक. ताप आला की माणसं मायेने शहाळं आणतात, मोसंबीचा रस देतात. डायलिसिसच्या पेशंटला त्यातलं पोटॅशियम घातक ठरू शकतं, आणि आजारपणात डायलिसिस एखाद्या दिवसाने लांबलं तर अधिकच. घसा कोरडा पडला असेल तर ठरवून दिलेल्या प्रमाणात साधं पाणीच द्या.

डायलिसिस चालू असताना थंडी वाजली तर लगेच सिस्टरला सांगा. लपवू नका. बरेच पेशंट "आता ॲडमिट करतील" या भीतीने पांघरूण ओढून गप्प पडून राहतात.

ब्लड कल्चर: अँटिबायोटिकच्या आधी

या सगळ्या प्रवासात घरच्यांनी एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल, तर ही ठेवा. अँटिबायोटिकचा पहिला डोस जाण्याआधी ब्लड कल्चर घेतलं गेलं पाहिजे. कोणता जंतू आहे, कोणतं औषध त्याला लागू पडेल, नळी ठेवता येईल की काढावी लागेल, औषध किती आठवडे चालेल, हृदयाची तपासणी लागेल का, या सगळ्याचं उत्तर त्या बाटल्यांवर अवलंबून आहे.

शक्यतो दोन संच घ्यायचे असतात, एक नळीतून आणि एक हाताच्या शिरेतून. दोन्हीत तोच जंतू उगवला आणि नळीतलं रक्त दोन तास किंवा त्याहून आधी पॉझिटिव्ह झालं, तर मूळ नळीत आहे असं मानतात. हाताचं रक्त तळहाताच्या मागच्या बाजूने घ्यायला सांगा. कोपर आणि मनगटाच्या वरच्या शिरा फिस्टुलासाठी जपायच्या आहेत. शिर सापडतच नसेल तर डायलिसिस चालू असताना मशीनच्या रक्तनळीतून घेतलेलं कल्चरही चालतं. सापडत नाही म्हणून कल्चरच घेतलं नाही, असं मात्र होऊ देऊ नका.

बहुतेक जंतू २४ ते ४८ तासांत दिसायला लागतात, बाटल्या पाच दिवस ठेवतात. तोवर औषध थांबत नाही. रक्त घेतल्याबरोबर डॉक्टर अंदाजाने व्यापक औषध सुरू करतात, आणि पेशंटचं बीपी पडलेलं असेल तर तासाभराच्या आत सुरू झालं पाहिजे. तिसऱ्या दिवशी तुम्ही विचारायचं: "कल्चरचा रिपोर्ट आला का? औषध त्याप्रमाणे बदललं का?" हा प्रश्न आगाऊपणाचा नाही. उदाहरणार्थ, स्टॅफिलोकोकस ऑरियस साध्या औषधाला दाद देणारा निघाला, तर सुरुवातीच्या व्हँकोमायसिनपेक्षा सेफाझोलिन जास्त चांगलं काम करतं. बदल केला नाही तर पेशंटचंच नुकसान. रिपोर्टची प्रत फाइलला लावा. वर्षभराने पुन्हा ताप आला तर पहिल्यांदा तीच बघतात.

नळी काढायची की ठेवायची

इथे घरच्यांचा जीव वरखाली होतो. परमकॅथवर खर्च झालेला असतो, ती टाकताना पेशंटने त्रास सोसलेला असतो, आणि "काढली तर डायलिसिस कसं?" हा खराच प्रश्न असतो. तरीही काही परिस्थितींत वाद घालू नका, लगेच होकार द्या. पेशंटचं बीपी कोसळत असेल. बोगद्यात पू असेल. औषध सुरू करून ७२ तास झाले तरी ताप किंवा पॉझिटिव्ह कल्चर कायम असेल. स्टॅफिलोकोकस ऑरियस, स्युडोमोनास किंवा कँडिडा निघाला असेल. किंवा संसर्ग हृदय, मणका अशा दुसऱ्या जागी पोचला असेल. अशा वेळी नळी आत ठेवणं म्हणजे जंतूंचा साठा आत ठेवणं. तात्पुरती नळी असेल तर ती जवळजवळ नेहमीच काढतात.

नळी काढल्यावर शक्य असेल तर पेशंटला दोन-तीन दिवस नळीशिवाय ठेवतात, म्हणजे रक्त स्वच्छ होतं आणि नवी नळी जंतूंच्या संपर्कात येत नाही. या दिवसांत घरच्यांची जबाबदारी मोठी आहे: पाणी मोजून, मीठ कमी, फळं-टोमॅटो-बटाटा-डाळीचं पाणी बंद, वजन रोज. धाप लागली किंवा पोटॅशियम वाढलं तर जांघेत तात्पुरती नळी टाकून डायलिसिस करता येतं.

पेशंट स्थिर आहे, ताप दोन-तीन दिवसांत पूर्ण गेला, बोगदा स्वच्छ आहे आणि जंतू कमी घातक आहे, अशा वेळी दोन पर्याय असतात. जुन्या नळीतून तार घालून त्याच वाटेने नवी नळी बसवणं, किंवा तीच नळी ठेवून प्रत्येक डायलिसिसनंतर तिच्या पोकळीत हेपारिनबरोबर (रक्त गोठू न देणारं औषध) अँटिबायोटिक भरून ठेवणं. ज्यांच्या शिरा आधीच्या नळ्यांनी बंद पडल्या आहेत, त्यांच्यासाठी हे पर्याय मोलाचे असतात. पण नुसतं शिरेतून औषध द्यायचं आणि नळीला काहीच करायचं नाही, हा उपचार अर्धवट आहे. तसं होताना दिसलं तर नेफ्रॉलॉजिस्टना जरूर विचारा.

औषध किती दिवस

नळी काढली किंवा बदलली आणि गुंतागुंत नसली, तर सर्वसाधारणपणे दोन ते तीन आठवडे. स्टॅफिलोकोकस ऑरियसला किमान चार. हृदयाची झडप बाधली असेल तर सहा, हाडात गेला असेल तर सहा ते आठ. बरं वाटलं म्हणून मध्येच थांबायचं नाही. बरीच इंजेक्शनं डायलिसिसच्या शेवटी दिली जातात, त्यामुळे डायलिसिस चुकलं की डोसही चुकतो. गावी लग्न आहे म्हणून एक पाळी सोडली, असं या काळात अजिबात नको.

औषधांचे स्वतःचे त्रासही ओळखून ठेवा. जेंटामायसिन, अमिकासिनने कानात आवाज येणं, कमी ऐकू येणं, चालताना तोल जाणं सुरू झालं तर त्याच दिवशी सांगा, ते नुकसान कायमचं राहू शकतं. सेफेपाइमचा डोस किडनीच्या मानाने कमी केला नसेल तर पेशंट बरळतो, हातपाय झटके देतात. घरच्यांना वाटतं युरिया डोक्यात गेला. जुलाब सुरू झाले तर तेही कळवा.

औषध संपल्यावर, विशेषतः नळी तीच ठेवली असेल तर, आठवड्याभराने पुन्हा ब्लड कल्चर करून घ्या. ते निगेटिव्ह आलं की मग निश्चिंत व्हा.

ताप उतरल्यावर खरी नजर ठेवायची

रक्तातून फिरलेले जंतू कुठे तरी रुजून बसतात आणि आठवड्यांनी, कधी दोन-तीन महिन्यांनी तोंड वर काढतात. तोवर पेशंट घरी असतो, नळी बदललेली असते, तापाची आठवणही पुसट झालेली असते. नवं दुखणं घेऊन ते हाडांच्या डॉक्टरांकडे किंवा फिजिओथेरपीला जातात आणि मागच्या संसर्गाचा उल्लेखच होत नाही. म्हणून पुढचे तीन महिने प्रत्येक डॉक्टरला पहिलं वाक्य हेच सांगा: "यांना नळीचा संसर्ग होऊन गेला आहे, हा जंतू निघाला होता."

हृदयाची झडप ही सर्वांत धोक्याची जागा. डायलिसिसच्या पेशंटच्या झडपांवर कॅल्शियम साठलेलं असतं, त्या खडबडीत जागी जंतू सहज बसतात. ताप रेंगाळणं, नव्याने धाप, पायांवर सूज वाढणं, बोटांच्या टोकांना दुखऱ्या लाल गाठी, किंवा अचानक बोलणं अडखळणं, एका बाजूची ताकद जाणं. झडपेवरचा तुकडा सुटून मेंदूत गेला तर पॅरालिसिस होतो. म्हणून स्टॅफिलोकोकस ऑरियस निघाला की टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) करतातच, आणि छातीवरून केलेल्या इकोत नीट दिसलं नाही तर अन्ननलिकेतून दुर्बीण घालून करतात. नाव ऐकून घाबरायला होतं, पण डॉक्टरांनी सुचवली तर नाही म्हणू नका. औषध चार आठवडे की सहा, हे त्यावर ठरतं.

मणका ही दुसरी जागा, आणि इथे चूक सर्वांत जास्त होते. किडनीच्या पेशंटची पाठ दुखतेच, असं सगळेच धरून चालतात. पण संसर्गाची पाठदुखी वेगळी असते: एकाच जागी, झोपूनही न थांबणारी, रात्री जागवणारी, रोज थोडी वाढणारी. तापही नसेल कदाचित. अशा पाठदुखीला मलम आणि पट्टा नको, एमआरआय हवा. पायात मुंग्या, पाय उचलायला जड वाटणं, संडासवरचं नियंत्रण जाणं सुरू झालं तर मणक्यातला पू मज्जारज्जूवर दाब देतोय. तिथे तासातासाचं महत्त्व असतं, वेळ गेली तर पाय कायमचे जाऊ शकतात.

सांधाही असाच. एकच गुडघा, खांदा किंवा गळ्याखालचं हाड लाल, गरम आणि सुजलेलं असेल तर त्याला वात किंवा युरिक ॲसिड म्हणण्याआधी त्यातलं पाणी काढून तपासलं पाहिजे. खोकल्यातून रक्त, श्वास घेताना छातीत टोचणं असेल तर जंतू असलेल्या गुठळ्या फुप्फुसात गेल्या असू शकतात. नळीच्या टोकाशी हृदयात गुठळी होऊन तीच संसर्गाचं घर बनते, तेही इकोत दिसतं. कँडिडा निघाला असेल तर डोळ्यांच्या डॉक्टरांकडून पडदा तपासून घ्या. पेसमेकर, कृत्रिम झडप किंवा कृत्रिम सांधा असेल तर डॉक्टरांना न विसरता सांगा.

काही नुकसान हळूहळू होतं. रक्त वाढायचं इंजेक्शन चालू असूनही हिमोग्लोबिन वाढत नाही, अल्ब्युमिन (रक्तातलं प्रथिन) खाली जातं, भूक मरते: नळीत मंद संसर्ग धुमसत असला की असं होऊ शकतं. आणि प्रत्येक नव्या नळीने छातीतल्या मोठ्या शिरा अरुंद होत जातात. चेहरा किंवा एक हात सुजायला लागला, छातीवर निळ्या शिरा उठून दिसायला लागल्या, तर तपासून घ्या. ती वाट बंद झाली की त्या बाजूच्या हाताचा फिस्टुलाही अडचणीत येतो.

घरातली रोजची काळजी

नळीची जागा कोरडी राहिली पाहिजे, बाकी सगळं त्यानंतर. डोक्यावरून अंघोळ नको, कंबरेखाली पाणी घ्या आणि वरचं अंग ओल्या टॉवेलने पुसा. केस कुणी तरी मागे झुकवून धुवून द्यावेत. दिवाळीचं अभ्यंगस्नान, नदीतलं स्नान, विसर्जनाच्या वेळी पाण्यात उतरणं हे नळी असेपर्यंत टाळा. आमच्याकडे सणाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ओल्या ड्रेसिंगचे पेशंट येतात, आणि त्यांना रागावावंसंही वाटत नाही.

ड्रेसिंग भिजलं, घामाने सुटलं किंवा मळलं तर पुढच्या पाळीची वाट बघू नका, त्याच दिवशी युनिटला जाऊन बदलून घ्या. घरी हळद, अंगारा, पावडर, तेल, कुठलंही मलम लावू नका. काही मलमांनी नळीचं प्लास्टिकही खराब होतं. मंगळसूत्र, साखळी, ब्लाउजची कड नळीवर घासत असेल तर बाजूला करा. पुढून उघडणारे सैल सुती कपडे बरे. कुशीवर झोपताना नळी ओढली जात नाही ना, ते पाहा. घरात कुत्रं-मांजर असेल तर त्याला नळीपासून लांब ठेवा.

कॅप आणि क्लॅम्प घरी कधीही उघडायचे नाहीत. आणि हे फार महत्त्वाचं: नळी फक्त डायलिसिससाठी आहे. दुसऱ्या हॉस्पिटलच्या वॉर्डात कुणी त्यातून सलाईन लावायला किंवा रक्त घ्यायला आलं तर थांबवा. आत दाट हेपारिन भरलेलं असतं, ते शरीरात गेलं तर रक्तस्राव होऊ शकतो, आणि प्रत्येक जादा उघडझाप जंतूंना आमंत्रण असते.

नळी चुकून ओढली जाऊन बाहेर आली, तर पेशंटला आडवं करा, बाहेर येण्याची जागा आणि कॉलरबोनच्या वरची गळ्याची जागा, दोन्ही स्वच्छ कापडाने घट्ट दाबून धरा आणि दाबतच हॉस्पिटल गाठा. नळी कापली किंवा चिरली गेली, तर चिरेच्या आणि शरीराच्या मध्ये ती दुमडून चिमटा लावा, म्हणजे हवा आत जाणार नाही. अर्धवट बाहेर आलेली नळी आत ढकलायची नाही. कडं बाहेर दिसायला लागलं असेल तर त्या दिवशी ती नळी वापरू नये, डॉक्टरांना दाखवावी.

युनिटमध्ये डोळे उघडे ठेवा

नळी जोडताना आणि सोडताना मास्क पेशंटच्याही तोंडावर हवा आणि आमच्याही. त्या वेळी बोलू नका, पंखा थेट अंगावर नको, जवळ नातेवाईक नकोत. आम्ही हात धुतले का, नवे ग्लोव्ह्ज घातले का, हे विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. कॅप काढल्यावर नळीचं तोंड जंतुनाशकाने दहा-पंधरा सेकंद घासून, वाळू देऊन मगच जोडायचं असतं. कॅप दर वेळी नवीन. त्वचेला अल्कोहोल मिसळलेलं क्लोरहेक्सिडीन लावतात, त्याची ॲलर्जी असेल तर बीटाडीन. दोन्ही वाळल्यावरच काम करतात, ओल्यावर ड्रेसिंग चिकटवलं तर उपयोग कमी होतो. पाळ्या भरलेल्या असतात, माणसं कमी असतात, घाई होते. म्हणूनच पेशंटने शांतपणे विचारलेलं बरं असतं, आणि चांगल्या सिस्टरला त्याचा राग येत नाही.

वारंवार संसर्ग होत असेल तर नळीत भरायच्या द्रावाबद्दल विचारा. हेपारिनऐवजी जंतुरोधक द्राव वापरता येतो. टॉरोलिडीन आणि हेपारिन एकत्र असलेल्या अशा द्रावाला नोव्हेंबर २०२३ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाने मान्यता दिली. नाकात स्टॅफिलोकोकस ऑरियस वस्तीला असेल तर म्युपिरोसिनचं मलम नाकात लावून तो कमी करता येतो.

नळीपासून सुटका

नळी कितीही जपली तरी ती परकी वस्तू आहे आणि तिचं एक तोंड बाहेर आहे. खरा बचाव फिस्टुलाच. १९६६ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रेशिया, सिमिनो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मनगटाजवळची शिर धमनीला जोडण्याची ही शस्त्रक्रिया जगापुढे मांडली. आजही रक्ताच्या डायलिसिससाठी याहून सुरक्षित वाट नाही, कारण दोन डायलिसिसच्या मधे त्वचा बंद असते.

फिस्टुला तयार व्हायला सहा आठवडे ते तीन महिने लागतात. म्हणून नळी टाकली त्याच आठवड्यात फिस्टुलासाठी सर्जनची तारीख मागा. "आधी तब्येत सुधारू दे" म्हणत वर्ष जातं आणि दोन संसर्ग होऊन जातात. ज्या हाताने लिहीत नाही तो हात आजपासून राखून ठेवा: त्यात सुई नाही, सलाईन नाही, बीपीचा पट्टाही नाही. नव्या नळ्यांसाठी कॉलरबोनखालची शिर टाळावी, असंही सांगा. ती अरुंद झाली की त्या हाताचा फिस्टुला वाया जातो. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत किंवा आयुष्मान कार्डावर तुमच्या हॉस्पिटलमध्ये फिस्टुलाची शस्त्रक्रिया बसते का, हे तिथल्या आरोग्यमित्राला विचारा. शिरा अगदीच बारीक असतील तर ग्राफ्ट (शिर आणि धमनीच्या मध्ये त्वचेखाली जोडलेली कृत्रिम नळी) किंवा पोटाचं डायलिसिस हे पर्याय आहेत, तेही डॉक्टरांशी बोला.

आणि फिस्टुलात सुया नीट लागायला लागल्या, काही पाळ्या सुरळीत झाल्या, की नळी काढण्याची तारीख त्याच दिवशी घ्या. "असू दे, अडचणीला कामाला येईल" म्हणून महिनोन्‌महिने ठेवलेली नळी रोजचा धोका असते. परमकॅथ काढताना तेवढी जागा बधिर करून कडं सोडवावं लागतं, अर्धा-एक तासाचं काम आहे. नंतर जागा दाबून धरतात, काही दिवस ड्रेसिंग कोरडं ठेवायचं. काढल्यावरच्या आठवड्यात ताप आला तरी नियम तोच: आधी ब्लड कल्चर, मग अँटिबायोटिक.